आधी मयाल ठोकून पाहा

होळी झाली की मला येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी कोणी न्हाणीच्या उताराबद्दल विचारते, कोणी शेजाऱ्याच्या सामायिक भिंतीबद्दल. चैत्र लागला की मात्र सगळ्यांच्या माना वर, छपराकडे. रोहिणी नक्षत्र दोन महिन्यांवर आलेलं असते आणि गेल्या बरसातीत घरभर मांडलेले गंज-बादल्या डोळ्यासमोर असतात. या वेळी सहा पत्रं घेतली. पहिल्यालाच जागा जास्त गेली, कारण तोच प्रश्न गाव बदलून बऱ्याच जणांनी विचारला आहे.

प्रश्न : आमचं घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, सत्तर वर्षं तरी झाली असतील. चार खण, मातीच्या भिंती, सागाचं लाकूड, वर नळीचे कवेलू (कौलं). समोर सपरी (ओसरी), मागे न्हाणी. बरसातीत सात-आठ ठिकाणी टपकते. वांदरं रोज नाचतात. कवेलू फेरणारे (उतरवून, फुटके बदलून पुन्हा रचणारे) दोघे भाऊ होते. एक वारले, दुसऱ्यांना आता चढवत नाही. पुण्याचा मुलगा म्हणतो, "आई, सगळं काढून टिन टाकू, एकदाची कटकट मिटेल." सासरे ८४ वर्षांचे. ते म्हणतात, मी आहे तोवर कवेलू उतरणार नाही. दीड लाखापर्यंत खर्च झेपेल. काय करू?
— एक भगिनी, समुद्रपूर तालुका

उत्तर : ताई, किती ठिकाणी टपकते ते तुम्ही लिहिलं, वांदरांचं लिहिलं, मुलाचं आणि सासऱ्यांचंही लिहिलं. लाकडाबद्दल एक शब्द नाही. निकाल तर तिथंच दडला आहे.

माझे वडील सुतार होते. आर्वी तालुक्यातल्या कितीतरी घरांवर त्यांचा हात फिरलेला. "छप्पर बदलायचं का?" असं कोणी विचारलं की ते अंगणातून वर बघतसुद्धा नसत. सरळ घरात शिरत आणि हातोडी मागत. "कवेलू काय सांगते बापा? मयालीले इचार." मयाल म्हणजे भिंतींवर टेकून छपराचा भार घेणारी आडवी तुळई. टपकणं हा कवेलूचा आजार आहे आणि दोन-चार दिवसांच्या कामात तो बरा होतो. लाकूड गेलं असेल तर वर सोन्याचे कवेलू लावा, छप्पर खालीच येणार.

तेव्हा येत्या आठवड्यात एवढं करा. सकाळी नऊच्या आत, ऊन तापायच्या आधी. शिडी, बॅटरी, लहान हातोडी आणि लांब पेचकस. कवेलूवर कोणी चढायचं नाही, सगळं आतून बघायचं. मयाल मधोमध ठोका. धड लाकूड टणटण वाजते आणि हातोडी उडून परत येते. आतून खाल्लेलं लाकूड पोत्यावर मारल्यासारखं भद्द करते. मधल्या भागात जुन्या सागाला सहसा काही झालेलं नसते. खरी गोम टोकाशी. मयालीचं तोंड जिथं मातीच्या भिंतीत शिरते, ती वीतभर जागा. भिंत ओल धरते, ओल लाकडात चढते आणि उधई (वाळवी) त्याच वाटेनं येते. तिथं पेचकस टेकवा आणि तळहातानं रेटा. चांगल्या सागात तो टोकभर रुततो आणि अडतो. पिकल्या सीताफळात शिरावा तसा दोन बोटं आत गेला, तर ते तोंड संपलं, बाहेरून कितीही काळंभोर आणि गुळगुळीत दिसो.

भिंतीवर उधईच्या मातीच्या नळ्या दिसतील. घाबरू नका. एक नळी नखानं फोडा, बाजूला खडूनं तारीख लिहा आणि आठ दिवसांनी पाहा. पुन्हा बांधलेली असेल तर उधई जिती आहे. फुटकी तशीच राहिली, तर बहुतेक जुनी वाट आहे. आणखी दोन-तीन ठिकाणी तसंच करून खात्री करा. जुनी माती बघून घाबरलेले लोक चांगलं सागवान जळणाच्या भावात विकतात. विकत घेणारा मात्र हातोडी मारूनच घेतो.

मग सुतळी. मयालीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा आणि मध्ये किती पोट आलं ते मोजा. पंधरा फुटांत दोन बोटं झोक सत्तर वर्षांच्या लाकडाला शोभून दिसतो. झोक वाढतो आहे की थांबला आहे, हे जास्त महत्त्वाचं. आज मोजून भिंतीवर लिहून ठेवा, दिवाळीत पुन्हा मोजा. चिरा दिसल्या तर त्यांची दिशा बघा. लाकडाच्या रेषेतून गेलेली चीर वाळण्याची असते, ती कुठल्या सागाला नसते? रेषेला आडवी गेलेली चीर मोडण्याची. तशी दिसली तर त्याच दिवशी खाली टेकू लावा, माझं पत्र नंतर वाचा.

आता कवेलू. तुमचे नळीचे आहेत म्हणजे कुंभारानं चाकावर निमुळती नळी ओढून, ओली असतानाच उभी चिरलेले. आठ-दहा उतरवून घ्या आणि बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणले तर चांगले भाजलेले आहेत, अजून तुमच्या नातवाला पुरतील. खवले सुटत असतील, कड अंगठ्यानं चुरत असेल, तर ते मेले. माझा हिशेब असा की शंभरात वीसपर्यंत गेले असतील तर फेरून घ्यावे. तिसरा हिस्सा गेला असेल तर सगळा थर बदलण्याचा विचार करावा. गावात कोणी जुनं घर पाडलं की कवेलू मिळतात, पण एक नमुना सोबत घेऊन जा. मापात बोटभर फरक असला तरी बसत नाहीत.

मुलाला सांगा, टिन वाईट नाही. पण टिन टाकलं की नुसतं छप्पर बदलत नाही. एक ब्रास, म्हणजे १०० चौरस फूट छपरावर मंगलोरी कवेलू साडेतीनशे-चारशे किलो भरतात; तुमचे नळीचे त्याहून पुष्कळ जास्त आणि भिजले की आणखी. तेवढ्याच जागेवर टिन चाळीस-पन्नास किलो. ऐकायला बरं वाटते, नाही? पण त्या वजनानंच तुमचे फाटे (कवेलूखालची उतरती लाकडं) आणि मयाली इतकी वर्षं भिंतीवर दाबून बसवल्या होत्या. आपल्याकडच्या जुन्या घरांत फाटे नुसते टेकवलेले, फार तर दोरीनं नाहीतर खिळ्यानं अडकवलेले असतात. वजन काढलं आणि मे महिन्यातलं वावधन (वादळ) खालून शिरलं की टिन एकटं जात नाही. दुसरी गोष्ट वळचण. कवेलूची वळचण भिंतीपुढे दोन-अडीच फूट येते, तिच्यामुळे मातीची भिंत कोरडी राहते. टिन लावणारा पैसे वाचवायला एक फुटावर कापतो. त्याचं काय होते, ते मी स्वतःच्या पैशानं शिकलो. ती गोष्ट शेवटच्या पत्रात आहे. उन्हाचं मी सांगत नाही. सावलीत पारा ४५ ला टेकतो तेव्हा टिनाखाली दुपारी कोण बसते, हे सासऱ्यांना विचारा.

तरीही मुलाचं एक म्हणणं खरं आहे. दरवर्षी फेरणार कोण? नळीचे कवेलू हे माणसाच्या हातावर जगणारं छप्पर आहे. वारा, मांजर, वांदर, कोणीही सरकवते आणि सरकला की टपकला. हात नसतील तर ते छप्पर चांगलं असूनही कामाचं नाही.

म्हणून लाकूड परीक्षेत पास झालं तर माझं मत असं. चार खणांवर कवेलूच ठेवा, पण मंगलोरी. म्हातारी माणसं अजून त्यांना इंग्रजी कवेलू म्हणतात; १८६५ साली बासेल मिशनच्या लोकांनी मंगलोरला त्यांचा पहिला कारखाना काढला, म्हणून ते नाव. एकाची खाच दुसऱ्यात बसते, खालचं नाक रिपेला (फाट्यांवरच्या आडव्या पट्टीला) अडकते, त्यामुळे सहजासहजी सरकत नाहीत. एखादा फुटला तर स्टुलावर उभं राहून आतूनच वर रेटून काढता येतो, नवा सरकवता येतो. वजन आताच्यापेक्षा कमी, म्हणजे लाकडाला त्रास नाही. दोन अटी आहेत. रिपा सुतासारख्या सरळ हव्यात, म्हणजे तुमच्या वाकड्या फाट्यांवर सुताराला पट्ट्या मारून पातळी आणावी लागेल. आणि आडव्या दोन फुटांना एक फूट चढ हवा. त्याहून चापट पाख्यावर पाणी उलटं आत येते.

त्याच कारणानं सपरी आणि न्हाणीवर टिन टाका. तिथला उतार नेहमी कमी असतो. आडव्या पाच फुटांना एक फूट चढ टिनाला पुरतो, कवेलूला नाही. तुमच्या सात-आठ टपकण्यांपैकी किती सपरीत आहेत, ते मोजून पाहा. निम्म्याहून जास्त असतील अशी माझी पैज. असा अर्धा-अर्धा निकाल दिला की मुलगाही जिंकतो आणि सासरेही. हा हिशेब मी मुद्दाम केलेला नाही, पण झाला तर वाईट काय?

एखाद्याच मयालीचं तोंड गेलं असेल तर अख्खं छप्पर उतरवू नका. भिंतीलगत आतून सागाचा खांब उभा करा, खाली दगड बसवा, म्हणजे मयालीचा भार भिंतीऐवजी खांबावर येतो. दोनाहून जास्त तोंडं गेली असतील किंवा ओळंबा सोडल्यावर भिंतच बाहेर झुकलेली दिसली, तर मात्र डागडुजीत पैसा घालू नका. मग भिंतीपासून नवं. पण जुन्या मातीच्या भिंतीवर स्लॅब टाकून देतो म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. चार इंची स्लॅब ब्रासला सव्वादोन टनांच्या वर जाते.

वांदरांचा पुरता इलाज माझ्याकडे नाही. असता तर मी हे सदर लिहीत बसलो नसतो. एवढं बघितलं आहे की वांदर चालण्यानं कमी आणि उडीनं जास्त फोडते. उडी कुठून येते ते दोन दिवस बघा. बहुतेक एखादी चिंचेची किंवा कडुनिंबाची फांदी असते. ती दहा-बारा फूट मागे छाटा. आढ्यावर बोराटीचे काटे टाकतात, ते वाळून दबले की बदलावे लागतात.

आणि मुलगा सुटीत आला की त्याला सेवाग्रामला नेऊन आणा, जिल्ह्यातच आहे. १९३६ साली गांधीजी तिथं राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. त्या काळातली माती-बांबूची, कवेलूची बापूकुटी आजही उभी आहे. तिथं नुसतं आतून वर बघत उभं राहा. कोणाचा तरी हात सतत फिरत असल्याशिवाय असं छप्पर इतकं टिकत नाही.

प्रश्न : गेल्या मे महिन्यातल्या वावधनात आमचे सात टिनपत्रे उडून शेजाऱ्याच्या वावरात पडले. बारा वर्षांपूर्वी टाकले होते. ठोकून सरळ केले, परत बसवले, वर दगड ठेवले. यंदा निघेल का?
— एक शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, दगड आजच उतरवा. दगड पत्रा धरत नाही. पत्रा उचलला की तो तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या डोक्यावर येतो. शिवाय त्याच्याखाली ओल साचून गंज धरतो तो वेगळाच.

तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही. नुसते पत्रे उडाले की खालच्या पाईपासकट? पत्रे एकटे गेले आणि हुक पाईपाला तसेच लटकत राहिले, तर दोष पत्र्याचा आणि भोकांचा. पाईप घेऊन गेले असतील तर नवे पत्रे आणूनही यंदा तेच होणार. वारा छपराला ढकलतो कमी आणि वर ओढतो जास्त; सगळ्यात जास्त कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ. इंजिनियर लोक नागपूर भागासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. त्या ओढीला भिंतीच्या वरच्या दोन विटांत खुपसलेला पाईप काय करणार? पाईपाला सळईनं बांधून ती सळई भिंतीत निदान तीन फूट खाली नेऊन काँक्रीटमध्ये पक्की करा. गवंड्याचं दोन दिवसांचं काम आहे, पण ते आधी.

पत्र्यांची परीक्षा सोपी आहे. एकेक उतरवून सूर्यासमोर धरा. चांदण्या दिसल्या की तो छपराचा राहिला नाही. पांढरी भुकटी चालते, ती जस्ताची असते. लाल गंज पसरलेला चालत नाही. भोकं गोल राहिली आहेत की ओढून लांबट झाली, तेही बघा. ठोकून सरळ केलेले ते सात पत्रे मी असतो तर गाईच्या कोठ्याला बाजूनं लावले असते. नागमोडीची ताकद तिच्या वळणात असते. एकदा मोडून सरळ केलेलं वळण पुन्हा ते राहत नाही.

नवे घेताना जाडी कागदावर वाचू नका, पत्रा काट्यावर ठेवा. चार फुटी सपाट पत्र्यापासून केलेला दहा फुटी नागमोडी पत्रा ०.५० मिलिमीटरचा असेल तर साडेचौदा किलोच्या आसपास भरतो. ०.३५ चा दहा किलोच भरतो. दुकानदार तोंडानं "एकच आहे" म्हणेल, काटा म्हणणार नाही. हुकाचं भोक उंचवट्यावर पाडा, नाळीत नाही, आणि वॉशर डांबरी किंवा रबरी घ्या. खालच्या पत्र्यावर वरचा सहा इंच तरी चढू द्या. आधार चार-चार फुटांवर. कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळीत हुक दुप्पट. वळचणीला टिन दीड फुटापेक्षा पुढे काढू नका. मातीची भिंत असेल आणि जास्त हवं असेल तर खालून तिरपा टेका द्या.

पुन्हा तसं झालंच, देव न करो, तर वावरातले पत्रे उचलायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा आणि त्याच दिवशी तलाठ्याला कळवा. अंशतः पडझडीची सरकारी मदत मिळायला नुकसान निदान १५ टक्के असावं लागते. पत्रे परत बसवून झाल्यावर पंचनाम्याला दाखवणार काय?

प्रश्न : १९९८ साली बांधलेल्या घराच्या स्लॅबमधून दोन खोल्यांत पाणी झिरपते. एक मिस्त्री म्हणतो केमिकल मारा. दुसरा म्हणतो वर टिनाचं शेड टाका. तिसरा म्हणतो स्लॅब पाडूनच टाका. कोणाचं ऐकावं?
— निवृत्त शिक्षक, ब्रह्मपुरी तालुका

उत्तर : गुरुजी, तिघांपैकी गच्चीवर चढले किती?

छतावरचे डाग आधी वाचा. पांढरा, मिठासारखा फुगलेला डाग म्हणजे नुसतं पाणी उतरते आहे. तपकिरी डाग, तोही पट्टीनं आखल्यासारख्या सरळ रेघेत, म्हणजे आत सळई गंजते आहे. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागते, म्हणून ते काँक्रीटला आतून फोडते. खालून पोपडे पडतात ते त्यामुळे. बांबूनं छत ठोकत जा. जिथं पोकळ वाजते तिथं खडूनं गोल करा. एका खोलीत एक-दोन गोल आले तर ती दुरुस्ती आहे. पोकळ भाग काढायचा, सळई घासून चकचकीत करायची, मग पुन्हा भरायचं. खोलीभर वीत-वीत अंतरावर तपकिरी रेघा असतील तर मिस्त्री पुरे, इंजिनियर बोलवा. आणि तोवर त्या खोलीत कोणी झोपू नये. अशा स्लॅबला वरून लावलेलं केमिकल म्हणजे आतून किडलेल्या दाताला चांदीचा वर्ख.

सळई धड असेल तर गच्चीवर जा. पाणी जायची तोंडं कापडानं बंद करा, दोन बोटं पाणी सोडा, २४ तास राहू द्या आणि खाली कुठून येते ते बघा. माझ्या अनुभवात पाणी स्लॅबच्या मधून क्वचित उतरते. पाईपाच्या तोंडातून, कठड्याच्या सांध्यातून, टाकीच्या बुडाखालून येते. कठड्याच्या फटीतलं पिंपळाचं रोप उपटू नका, वरचं पान येते आणि मूळ आत राहते. फट उघडून मूळ काढा, मग ती भरा. उतार नीट नसेल तर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून उतार पुन्हा काढून घ्या.

शेडवाला मिस्त्री तुमच्या गावापुरता अगदीच चुकीचा नाही. ब्रह्मपुरीचं ऊन आम्ही बातम्यांत वाचतो. शेडनं पाणीही अडते आणि स्लॅब तापतही नाही. पण त्याचे पाय स्लॅबला भोकं पाडून उभे करू देऊ नका. कॉलमच्या डोक्यावर नाहीतर भक्कम कठड्यावर घ्या. आणि गंजणाऱ्या सळईवर शेड टाकलं तर गंज फक्त दिसेनासा होतो.

प्रश्न : घरकुलाच्या यादीत आमचं नाव आहे. घर टपकते. दुरुस्तीत पैसा घालावा की वाट बघावी?
— एक वाचक, धारणी तालुका

उत्तर : वाट बघा, पण कोरड्यात बसून. प्रधानमंत्री आवास योजनेत (२०१६ पासूनची ग्रामीण) सपाट भागासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागासाठी १ लाख ३० हजार रुपये ठरले होते. ते एकदम हातात येत नाहीत, काम चढेल तसे हप्त्यानं येतात. म्हणजे नाव लागल्यापासून नव्या छपराखाली झोपेपर्यंत एखाद-दोन बरसाती जाऊ शकतात. तेवढ्यासाठी उद्या कामी येईल असाच खर्च करा. चांगली ताडपत्री, सुटे कवेलू, मयालीखाली टेकू. ही ताडपत्री पुढे सोयाबीन झाकायला होते आणि टेकूचं लाकूड नव्या घराच्या सेंटरिंगला. रंग, गिलावा, नव्या रिपा यांत एक रुपया नको.

प्रश्न : जुने सिमेंटचे पत्रे तडकले आहेत. कापून कोंबड्यांच्या खुराड्याला वापरू का?
— हिंगणा तालुका

उत्तर : कापू नका. त्या पत्र्यात बहुतेक अॅस्बेस्टॉस आहे. कापताना, घासताना, फोडताना जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसात गेली की निघत नाही, आणि कॅन्सर होतो तो वीस-तीस वर्षांनी. तडकलेला पत्रा बदलायचाच आहे. आधी पाण्यानं चिंब भिजवा, तोंडाला फडकं पुरत नाही, चांगला मास्क लावा, हुक कापून पत्रा अख्खाच उतरवा. झाडून घेऊ नका, ओल्या फडक्यानं पुसा. लहान पोरांना त्या दिवशी मामाच्या गावी पाठवा. कोंबड्यांना टिन चालते.

प्रश्न : दर उन्हाळ्यात तुम्ही लोकांना "बदलू नका, आधी ठोकून पाहा" सांगता. तुमच्या स्वतःच्या घरावर काय आहे?
— एक जुना वाचक, देवळी तालुका

उत्तर : सापडलो.

१९९७ साली मी कवेलू उतरवून टिन टाकलं. वडील होते तेव्हा. लाकूड चांगलं होतं, ते ठोकून दाखवत होते आणि मी ऐकत नव्हतो. मला दरवर्षीची फेरण्याची कटकट नको होती. ताई, तुमच्या मुलाचं वाक्य मी तेव्हाच वापरून झालो आहे. टिन एक फूट वळचणीवर कापलं, कारण तेवढ्यात पत्रे बरोबर बसत होते आणि दोन जास्तीचे आणायला लागत नव्हते. पहिल्या चैत्रातच वडिलांनी खाट कडुनिंबाखाली नेली ती मृगापर्यंत आत आणली नाही. काही बोलले नाहीत.

पश्चिमेची भिंत पहिल्या बरसातीत खालून हातभर काळी पडली. पागोळ्या आधी अंगणात पडायच्या, त्या आता भिंतीच्या पायाशी पडून चिखल वर उडवत होत्या. दुसऱ्या वर्षी गिलावा सुटला, मी पुन्हा लिंपला. तिसऱ्या वर्षी आषाढात पहाटे ती भिंत रिकाम्या कणगीवर बसली. बसली असंच म्हणतो, पडल्याचा आवाजसुद्धा फार झाला नाही. तिकडच्या खोलीत कोणी झोपत नसे, म्हणून निभावलं. सकाळी वडिलांनी ढेकळं बाजूला केली, मयालीचं मोकळं झालेलं तोंड बघितलं, हातोडी मारली आणि मला बोलावून पुन्हा एकदा ऐकवली. टणटण.

आता पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आहे, विटांच्या भिंतींवर. मागच्या खणावर त्याच मयालीवर परत कवेलू चढवले, अडीच फूट वळचण ठेवून. नळीचेच आहेत, गावातल्या पडक्या वाड्याचे. यंदा अक्षय तृतीयेनंतर फेरायचे आहेत आणि फेरणारा अजून मिळालेला नाही. आर्वी-कारंज्याकडे कोणी असेल तर याच पत्त्यावर कळवा. जेवण आमच्याकडे.